खाऱ्या वाऱ्यातली तोफ: तपासणी, नोंद आणि निगा

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस एखाद्या सागरी किल्ल्यावरची लोखंडी तोफ सकाळी सकाळी जवळून बघा. अंगावर मोहरीएवढे पिवळट-तपकिरी थेंब उभे राहिलेले दिसतात. दव वाटतं, पण ते दव नसतं. ऊन चढलं की थेंब सुकतो, मागे पातळ पोकळ टरफल राहतं आणि बोटाने टिचकी मारली की खालून भगवी भुकटी सांडते. तोफ आतून पाझरते आहे, ही त्याची खूण. दोन-अडीचशे वर्षं खारा वारा आणि लाटांचा फवारा खाऊन लोखंडात मीठ शिरलेलं असतं. हवेतला दमटपणा वाढला की ते मीठ पाणी ओढून घेतं आणि गंजाच्या थराखाली, अगदी धातूला लागून, नवा गंज तयार करतं. वरचा थर फुगतो आणि खपली सुटते. खपलीबरोबर तोफेवरची अक्षरं, वजनाचे आकडे, राजचिन्ह सगळं जातं. ते परत मिळत नाही.

म्हणूनच तोफेला रंग फासू नका. ऑइलपेंट, डांबर, शेंदरी प्रायमर, काळं इनॅमल यातलं काहीही लावलं तरी मीठ आत कोंडलं जातं आणि गंज रंगाखाली चालूच राहतो. वर्ष-दीड वर्ष तोफ चकाचक दिसते, मग रंगासकट तळहाताएवढे पापुद्रे निघतात. रंगवणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, म्हणूनच हे जास्त लागतं. आधी तपासणी, मग नोंद, मग सफाई, मग मीठ काढणं आणि सगळ्यात शेवटी लेप, हा क्रम मोडायचा नाही.

हात लावण्याआधी परवानगी हवी. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि त्यांना १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू आहे. खांदेरीसारखे काही किल्ले राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे तोफ हलवणं तर सोडाच, ब्रश मारायलाही लेखी परवानगी लागते. अर्जाबरोबर तोफेचे फोटो, मापं आणि काय करणार त्याचा कागद जोडला की काम पुढे सरकतं. नुसतं ‘तोफ संवर्धन करू इच्छितो’ लिहिलेला अर्ज पडून राहतो. नोंद घेणं, मापं काढणं, फोटो काढणं यातून कुणाचं काही बिघडत नाही. सुरुवात तिथूनच करा.

पहिलं काम, तोफ भरलेली आहे का ते बघणं. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली एक जुनी तोफ २०१३ मध्ये सफाईला घेतली, तेव्हा आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू जशीच्या तशी निघाली. कित्येक वर्षं लोक तिच्याजवळून जात होते. काळी दारू ओली झाली की निकामी होते असं समजतात, पण सुकली की ती पुन्हा पेट घेऊ शकते.

तपासायची रीत सोपी आहे. तोफेच्या तोंडासमोर आणि मागच्या बोंडीमागे (बोंडी म्हणजे तोफेच्या मागच्या टोकाची गोल गाठ) उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. मागच्या अंगाला वर जे बारीक भोक असतं, ज्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालून बत्ती द्यायचे, तो तोफेचा कान. तोंडापासून कानापर्यंतचं अंतर बाहेरून टेपने मोजा. मग तोंडातून सरळ बांबू किंवा लाकडी काठी अलगद आत सरकवा, टेकली की तोंडाच्या रेषेवर खूण करा आणि बाहेर काढून मोजा. लोखंडी सळई वापरू नका. दोन्ही मापं जवळपास जुळली तर नळी मोकळी. आतलं माप हात-दीड हात कमी आलं तर आत काहीतरी आहे. बहुतेक वेळा माती, पाला आणि पर्यटकांच्या बाटल्या असतात. काठी मऊ रुतली आणि टोकाला माती लागली तर कचरा समजा. टणक ‘टक्’ असा आवाज आला, तर गोळा आहे असंच धरून चाला. अशा वेळी खरवडणं, ठोकणं, ड्रिल, वेल्डिंग, गरम करणं सगळं बंद. पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवा, बॉम्बशोधक पथक येऊ द्या. त्याच न्यायाने, मातीत एखादा लोखंडी गोळा सापडला आणि त्याला एका बाजूला भोक असेल, तर तो भरीव गोळा नसून आत दारू भरलेला पोकळ गोळा असू शकतो. उचलू नका. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ मध्ये असाच यादवी युद्धातला गोळा साफ करताना एका जाणत्या संग्राहकाचा जीव गेला.

काठी घालण्याआधी टॉर्च मारून बघा. नळीत साप, विंचू, गांधीलमाशीचं पोळं यातलं काहीही असतं, आणि फुरशाला दगडाच्या फटीइतकीच तोफेची सावली आवडते.

कानात खिळा ठोकलेला दिसला तर काढायचा मोह आवरा. किल्ला सोडताना शत्रूच्या हाती तोफ कामाची पडू नये म्हणून कानात खिळे मारून ती निकामी करत. तो खिळा म्हणजे त्या तोफेच्या आयुष्यातला शेवटचा प्रसंग आहे. त्याचा फोटो घ्या, लांबी-रुंदी लिहा आणि आहे तिथे राहू द्या.

आता नोंद. तोफेची लांबी दोन प्रकारे लिहा. एक तोंडापासून मागच्या मोठ्या कड्यापर्यंत, बोंडी सोडून. दुसरी बोंडीसकट. इंग्रजी तोफांची लांबी पहिल्या पद्धतीने सांगितली जाते आणि दोन माणसांच्या नोंदी जुळत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच असतं. नळीचा व्यास तोंडाच्या काठावर मोजू नका, काठ गंजाने खाल्लेला असतो. हातभर आत, आडवा आणि उभा असा दोनदा मोजा. कॅलिपर नसेल तर दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून नळीत ताणून धरा, पेन्सिलने खूण करा आणि बाहेर काढून मोजा. इंग्रजी ओतीव तोफांमध्ये नळी साधारण १०७ मिलिमीटर असली तर ती ९ पौंडी, ११७ च्या आसपास १२ पौंडी, १३४ ला १८ पौंडी, १४८ ला २४ पौंडी आणि १६३ ला ३२ पौंडी. पौंड हे गोळ्याचं वजन, तोफेचं नव्हे. गंजाने नळी पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे होते, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देऊ नका, लांबी आणि खुणा बरोबर जुळवा.

तोफेचं स्वतःचं वजन बऱ्याचदा तिच्या अंगावरच कोरलेलं असतं, कानाच्या आसपास किंवा मागच्या कड्यावर, तीन आकड्यांत. उदाहरणार्थ २३ – १ – १४. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याचा पाव, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. म्हणजे २३ गुणिले ११२ होतात २५७६, त्यात २८ आणि १४ मिळवले की २६१८ पौंड, सुमारे ११८७ किलो. हे तीन आकडे म्हणजे तोफेचा जन्मदाखला. ते ‘सन २३१’ किंवा ‘तोफ क्रमांक २३११४’ म्हणून फलकावर रंगवलेले दिसतात तेव्हा जीव तळमळतो.

खुणा कुठे शोधायच्या? तोफ गाड्यावर टेकवायला दोन्ही बाजूंना जे जाड आडवे खुंट असतात, त्यांच्या सपाट टोकांवर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव, आद्याक्षरं किंवा साल असतं. अलिबागच्या किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावर ज्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव वाचता येतं. पाठीवर मुकुट आणि खाली गुंफलेली अक्षरं दिसली तर ते इंग्लंडच्या राजाचं चिन्ह. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बदामाचे चार भाग करून त्यात अक्षरं असतील तर ईस्ट इंडिया कंपनी. पाच छोट्या ढालींचं चिन्ह पोर्तुगीज, आणि रेवदंडा-कोर्लई पट्ट्यात ते डोळ्यात तेल घालून शोधावं. पट्ट्या जोडून वरून कडी तापवून चढवलेली घडीव तोफ असेल तर कडी मोजा, कारण इथे कोरलेलं काही सापडायची शक्यता कमी, बांधणीच बोलते. जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेच्या नावातली बांगडी लोक अशाच कड्यांशी जोडतात. पितळी किंवा काशाची तोफ ओळखायला लोहचुंबक पुरतो. चिकटला तर लोखंड, नाही तर तांब्याच्या जातीचा धातू. त्याची निगा वेगळी असते, खालचं काहीही त्याला लावू नका.

झिजलेलं अक्षर वाचायला चुना, खडू, पीठ चोळायचं नाही. संध्याकाळी अंधार पडू लागला की टॉर्च तोफेला जवळजवळ टेकवून आडवा मारा. दुपारी दिसत नव्हती ती अक्षरं सावलीने उठून येतात. दर पाच-सहा अंशांनी टॉर्च फिरवत एकेक फोटो घ्या. फोटोत मोजपट्टी हवी, आणि तोफेचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. तटावरच्या मूळ जागी असलेली तोफ कुठल्या खाडीवर, कुठल्या वाटेवर रोखलेली होती, हे नंतर कळायला तेवढीच एक दिशा उपयोगी पडते. आता सफाईकडे.

सफाईला काथ्याचा ब्रश, बांबूच्या चोया आणि मऊ दाताचे जुने ब्रश. ग्राइंडर, वायरचा फिरता ब्रश, वाळूचा मारा नको. ओतीव लोखंडाच्या तोफेचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा गंजाच्या थरातच उरलेला असतो, तो ‘चांगलं लोखंड लागेपर्यंत’ घासला की अक्षरं धुळीत जातात. सैल खपल्या, माती, शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा एवढंच काढायचं. घट्ट बसलेला काळपट गंज राहू द्या, तो शत्रू नाही. घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच-आमसुलाने लखलखतात म्हणून तोच उपाय इथे चालत नाही. संडास धुवायचं ॲसिड तर मुळीच नको, त्यात मिठाचाच अंश असतो आणि जे काढायचं तेच आपण आत भरतो.

मीठ काढायला गोडं पाणी लागतं आणि किनाऱ्यावर तीच अडचण. किल्ल्यातल्या किंवा खाडीकाठच्या विहिरीचं पाणी चवीला गोड लागलं तरी मचूळ असतं. पाणी आधी तपासा. काचेच्या बाटलीत थोडं घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. दुधासारखं गढूळ झालं तर मीठ आहे. हे द्रावण हाताला लागलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत, हातमोजे घाला. सगळ्यात चांगलं पाणी पागोळ्यांचं. मात्र मिरगाच्या पहिल्या सरींचं धरू नका, छपरावर साचलेलं खारं त्यातून उतरतं. आठ-दहा चांगल्या सरी गेल्या की पिंपं भरून झाकून ठेवा आणि ते पाणी हिवाळ्यात वापरा.

धुण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुती जुनी धोतरं किंवा गाद्यांचं कापड पाण्यात भिजवून तोफेला गुंडाळा, वर प्लास्टिक, आणि दुसऱ्या दिवशी काढा. कापड पिळून निघालेल्या पाण्याची तशीच सिल्व्हर नायट्रेटने परीक्षा करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत दाट गढूळ येईल. रोज नवं पाणी, रोज परीक्षा. गढूळपणा कमी होत होत जवळजवळ दिसेनासा झाला की थांबा. कुठे आठवड्यात होतं, कुठे महिना लागतो. खोलवरचं सगळं मीठ या रीतीने निघत नाही, ते प्रयोगशाळेतल्या टाकीचं आणि विजेच्या प्रक्रियेचं काम. पण वरच्या थरातलं बरंच उतरतं आणि खपल्या सुटण्याचा वेग कमी होतो. इथे घाई करून दोन दिवसांत लेपाकडे वळणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

धुऊन झाल्यावर तीन-चार दिवस कोरडं ऊन खाऊ द्या. ब्लो-टॉर्च लावू नका, ओतीव लोखंड असमान तापलं की तडकतं.

मग टॅनिक ॲसिड. एक लिटर शुद्ध पाण्यात २०० ग्रॅम टॅनिक ॲसिडची पूड आणि १५० मिलिलिटर स्पिरिट. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा, लोखंडी बादलीत नाही, नाहीतर बादलीच काळी होईल. फॉस्फरिक ॲसिडचे थेंब घालत पीएच कागदावर २ ते २.५ येईपर्यंत न्या. ताठ ब्रशने गंजात चोळून भरा, नुसतं वरून फिरवू नका. काही तासांत तपकिरी गंज निळसर काळा होत जातो. एक दिवस सुकू द्या, पुन्हा लावा. तीन थर आम्लाचे, शेवटचे दोन फॉस्फरिकशिवाय. अडीच मीटर लांब आणि सरासरी ४० सेंटिमीटर जाड तोफेचं अंग साधारण तीन चौरस मीटर भरतं. खरखरीत गंज द्रावण पितो, त्यामुळे दोन लिटर हाताशी ठेवा. अर्ध्यात संपलं तर पट्टे दिसतात.

हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, मग काढाच का नको, असा प्रश्न कोकणात हमखास येतो. कल्पना आपल्या मातीतली आहे, पण काढ्यात टॅनिनबरोबर साखर आणि इतर गाळ उतरतो, त्यावर बुरशी धरते आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी. एवढ्या जुन्या वस्तूवर पूडच वापरा.

वरून मेणाचा हात. मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासून काढलेलं मेण) टर्पेंटाइनमध्ये मऊ करून, दुपारच्या उन्हात तोफ हात टेकवता येणार नाही इतकी तापली की कापडाने पातळ चोळा. गरम धातूत मेण बारीक छिद्रांत उतरतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. मधमाश्यांचं मेण थोडं आम्लधर्मी असतं, ते टाळा. जाड थर देऊ नका, धूळ चिकटून पुन्हा ओल धरते. मेण दरवर्षी दोनदा लागतं: मेच्या मध्यात पावसाआधी आणि ऑक्टोबरच्या उन्हात. दोनदा जमणार नसेल तर निदान मे चुकवू नका.

तोफ ठेवायची कशावर, इथे बरेच चुकतात. सरळ जांभ्यावर ठेवू नका. चिरा पाणी पितो आणि धरून ठेवतो, तोफेची खालची बाजू वर्षभर ओली राहते. सिमेंटच्या ओट्यात अर्धी पुरलेली तोफ तर सिमेंटच्या काठाच्या रेषेवर कापल्यासारखी खाल्ली जाते, आणि सिमेंटात खाडीची वाळू असेल तर विचारूच नका. सागाचे दोन ठोकळे, जमिनीपासून निदान फूटभर उंच, तोफेच्या अंगाला बसेल असा अर्धगोल खाच कापून. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये जाड एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा पत्रा, कारण लाकडातलं आम्लही गंज आणतं. तोंड मागच्यापेक्षा थोडं खाली झुकवा: अडीच मीटरच्या तोफेला तेरा सेंटिमीटर उतार पुरतो, म्हणजे नळीत पाणी साचत नाही. तोंडाला लाकडी बूच, सैलसर, आणि बुचाच्या तळाशी बोटभर भोक. कानात मेणात बुडवलेली लाकडी खुंटी, पण खिळा असेल तर नुसता वरून मेणाचा टिळा.

लाकडी गाडा करायचा असेल तर विचार करून करा. तटावरच्या आणि जहाजी तोफांचा गाडा बुटका, चार छोट्या चाकांचा. मोठी दोन चाकं मैदानी तोफांची. सागरी किल्ल्याच्या तटावर बैलगाडीसारखी चाकं लावली की फोटो छान येतो, पण त्या तोफेची गोष्ट खोटी होते. सहा-सात पावसाळ्यांत न निगा राखलेला गाडा कुजून तोफ खाली कोसळते, हा धोका वेगळाच.

उचलताना साखळी अंगाला लावू नका, रुंद नायलॉनचे पट्टे आणि चेन पुली. बोंडीला किंवा खुंटांना दोर बांधून उचलणं बंद. ओतीव खुंट बटाट्याच्या कापासारखा तुटतो. तोफेचा तोल खुंटांच्या थोडा मागे असतो, त्यामुळे एक पट्टा खुंटांच्या पुढे, दुसरा मागे, आणि पहिल्यांदा फक्त चार बोटं उचलून तोल बघायचा. हाताने टन-सव्वा टन ढकलायला जाऊ नका, चार माणसांची बोटं त्याखाली सहज जातात.

आता समुद्रातून निघालेल्या तोफेचं. ट्रॉलरच्या जाळ्यात किंवा बंदरातला गाळ उपसताना कधी तोफ येते. ती घट्ट दिसते, आकार शाबूत असतो, पण आतलं लोखंड मिठाने खाल्लेलं असतं आणि उरतो तो पेन्सिलीतल्या शिशासारखा मऊ काळा सांगाडा, नखाने खरवडला जाईल असा. अशी तोफ उन्हात ठेवली की ती भराभर गंजायला लागते, कधी कधी हाताला गरम लागते, तडे जातात आणि एका हंगामात ढिगारा उरतो. तिच्यावरचे शंख-शिंपल्यांचे थर हातोडीने काढू नका, त्याखालीच मूळ पृष्ठभाग असतो. वाळू देऊ नका, एवढंच. ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत न्या, आणि जुन्या फायबर होडीत किंवा ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात पूर्ण बुडवा. लोखंडी असेल तर दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, त्याने गंज मंदावतो. तोफ बुडालेली राहिली पाहिजे, वरचा एक वीतभर भाग उघडा राहिला तरी तिथूनच तडा जातो. कुठे, किती वाव खोलीवर, कुठल्या खुणेवर जाळं अडकलं ते तांडेलाकडून त्याच दिवशी लिहून घ्या, आणि पुरातत्त्व खात्याला फोन केल्यावर त्यांचा माणूस येईपर्यंत रोज पाण्याची पातळी बघा.